दामल्यांची हळद आणि चांगुणेची रजा

माझं लग्न एकदा लागलेलं आहे. कल्याणच्या बाहेर, मोहन्याच्या वाटेवर एका धर्मादाय संस्थेचं मनोरुग्णालय होतं, त्याच्या बायकांच्या वॉर्डात. लग्न रीतसर हळद लावून झालं. नवऱ्यामुलाने दुसऱ्याच दिवशी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली. तो आमच्या इस्पितळाचा स्टोअरकीपर होता. त्याचं नाव दामले.

हे पुढे सविस्तर येईलच. आधी माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण तो सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही आणि सांगितल्यावरही बऱ्याच जणांना कळत नाही. मी कुसुम कर्णिक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत या धंद्याला व्यवसायोपचार म्हणतात. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मुंबईत हे शिक्षण नुकतंच सुरू झालं होतं आणि मी अगदी पहिल्यावहिल्या मुलींपैकी. आमचे वडील ठाण्यात लोकांना सांगत, "आमची कुसुम डॉक्टरीच्या जवळपासचं काहीतरी शिकतेय." यापलीकडे त्यांनाही माहीत नव्हतं. मला पाहायला आलेल्या एका स्थळाने अगदी आस्थेने विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?" मी खरं ते सांगितलं, "वेड्यांना टोपल्या विणायला शिकवते." मुलाच्या आईने हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि त्यांना घरची काही कामं आठवली.

तसं पाहिलं तर आमचं काम सोपं आहे. आजाराने माणसाचं रोजचं जगणं सुटतं. उठावं, केस विंचरावेत, तांदूळ निवडावेत, हिशेब लिहावा, शेजारणीशी भांडावं, हे सगळं सुटतं. डॉक्टर औषध देतात, आम्ही हे सुटलेलं एकेक हाताला परत लावून देतो. टोपली हे निमित्त. टोपली वाकडी झाली तरी चालेल, माणूस सरळ उठून बसला पाहिजे. पण इस्पितळात जो येई तो टोपलीच बघे आणि म्हणे, "वाकडी आहे हो, बाई."

माझ्या नेमणुकीच्या कागदावर तर 'शिवणशिक्षिका' असंच होतं, कारण संस्थेच्या लोकांना दुसरा शब्द माहीत नव्हता. मी दारावर 'व्यवसायोपचार विभाग' अशी पाटी रंगवून लावली. त्या दिवसापासून दामले माझ्या मागे लागले. व्यवसाय आहे तर विक्री कुठे आहे, हा त्यांचा मुद्दा. माझी खोली कोरडी आणि हवेशीर होती आणि त्यांच्या तांदळाच्या गोणींना ओल लागत होती. दामले पंचेचाळिशीचे, ब्रह्मचारी, मूळचे रत्नागिरीकडचे. बोलताना डोळे मिटून घेत, म्हणजे समोरच्याचं म्हणणं दिसायलाही नको. दर आठवड्याला एकदा येऊन ते माझी खोली नजरेने मोजून जात.

बाहेरच्या लोकांना आमचं काम समजावं म्हणून मी भाषणंही करत असे. डोंबिवलीच्या एका गणेशोत्सवात 'मनाचे आरोग्य' या विषयावर बोलायला गेले. माझ्यानंतर जादूचे प्रयोग होते. पुढच्या रांगेतली पोरं माझ्या पिशवीकडे टक लावून बसली होती, यातून कबूतर कधी निघतं म्हणून. भाषण संपल्यावर एक गृहस्थ मंचामागे आले. मला वाटलं, शंका असेल. ते म्हणाले, "तुम्ही काम देता म्हणे. आमच्या पुतण्याला मोहन्याच्या कारखान्यात लावून द्या ना." त्यानंतर कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात मी 'कामाच्या बाई' झाले. काही जणी मात्र थांबत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणत, "आमच्या शेजाऱ्यांकडे एक आहे…" घरोघरी सगळा आजार शेजारीच असायचा. अशा कितीतरी शेजारणींपर्यंत मी पोचू शकले नाही, याची हळहळ आजही आहे.

आता चांगुणाबाई.

चांगुणा डोंबिवलीपलीकडच्या खाडीकाठच्या एका आगरी गावातली. नवरा मिठागरात कामाला होता. एकदा मीठ घेऊन निघालेली होडी खाडीत उलटली आणि तो गेला. प्रेत दारात आणलं तेव्हा सगळं गाव रडलं, ही रडली नाही. बायकांनी हिला रडवायला बघितलं, गदगदा हलवलं, थोबाडीतही मारली. ही भिंतीला टेकून बसली ती बसलीच. भगत झाले, देव झाले, शेवटी दीर बाळाराम आमच्याकडे सोडून गेला, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली होती. आमच्या वॉर्डातही तिने एक भिंत निवडली. खायला घातलं तर खाई, उठवलं तर उठे, एक शब्द बोलत नसे.

आमचे मुख्य डॉक्टर पूर्वी लष्करात होते. पाहुणे आले की ते चांगुणेकडे बोट दाखवून म्हणत, "ही बघा. किती शांत." आणि माझ्या लेखी सगळ्या वॉर्डात हीच सर्वांत जास्त आजारी होती. शिव्या देणाऱ्या, ताटं फेकणाऱ्या बायकांचं मला काही वाटत नसे, त्यांच्यात निदान धग होती.

मी तिला वेत दिला, सुया दिल्या, माती दिली. ती हातात धरून माझ्याकडे बघत राही, जणू मीच तिला काहीतरी सांभाळायला दिलंय. आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम हाताला लागत नसेल, तर माणूस पूर्वी सकाळपासून काय करत होता ते विचारायला त्याच्या घरी जायचं. म्हणून आमची वॉर्डातली आया भागूबाई हिला घेऊन मी गावात गेले. भागूबाई त्याच बाजूची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

बाळारामने घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि लगेच आपल्या मोठ्या मुलाला माझ्यापुढे उभं केलं. "ह्यो माझा पोऱ्या. कारखान्यान लावा त्याला."

मी म्हटलं, "मी चांगुणाबाईंबद्दल विचारायला आलेय. त्या दिवसभर काय काम करत?"

"तिचा काय काम? भात कांडायची, मीठ भरायची. नाय तं धवलं गायाची. धवलारीन व्हती ती."

धवलारीण म्हणजे काय ते मला भागूबाईने तिथेच हळूच सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात ही बाई गाण्यांनी लग्न लावते. मांडव, हळद, तांदूळ, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. तिच्या तोंडून नवरा-नवरीचं नाव निघाल्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. चांगुणा आसपासच्या गावांत नावाजलेली होती.

बोलताबोलता आणखी एक कळलं. चांगुणेला एक मुलगी होती, मथी. बाळारामने तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली होती आणि तिचं लग्न भिवंडीकडच्या गावात ठरलं होतं. व्याह्यांना सांगितलं होतं, आई आजारी असते, माहेरी आहे. बाळाराम माझी नजर चुकवत म्हणाला, "येडीची पोर म्हनून सोयरीक मोडतील, बाय. नंतर बगू." माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता.

परत आल्यावर मी एक उखळ आणि मुसळ मिळवलं, थोडं भात आणलं आणि चांगुणेपुढे ठेवून दिलं. काही म्हटलं नाही. एक-दोन दिवस ती नुसती बघत होती. मग एका सकाळी उठली, पदर खोचला आणि कांडायला लागली. मी दाराआड उभी राहून शिकल्याप्रमाणे मनात टिपणं करत होते: हालचाल लयबद्ध, दोन्ही हातांचा वापर, लक्ष चांगलं. तेवढ्यात ती गायला लागली.

माझी टिपणं तिथेच संपली. आवाज भरड, पण असा की वॉर्डातल्या सगळ्या बायका आपापलं वेड बाजूला ठेवून तिच्याभोवती जमल्या. कडवं म्हणता म्हणता ती थांबली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलली. भागूबाईला तिने विचारलं, "नवरा कोन? नवरी कोन?"

भागूबाई हजरजबाबी होती आणि दामल्यांनी तिच्या साबणाच्या वड्या अडवून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "नवरा दामले, नवरी आपली कर्णिकबाई."

"अगं भागूबाई!" मी ओरडले.

"गप ऱ्हावा, बाय. धवला लागला का मधीच थांबवायचा नसते. अवलक्षन व्हते."

मी थांबवलं नाही. त्या क्षणी मला दामल्यांपेक्षा ते गाणं मोलाचं वाटत होतं. गाण्यात आमची नावं आली. बायकांनी माझ्या डोक्यावर चादर धरली. कुणी स्वयंपाकघरातून हळद आणली, ती संपली तेव्हा कुणी स्टोअरमधून आणली. एक म्हातारी एरवी आपण विलायतची राणी आहोत असं सांगायची, ती राणीपण सोडून करवली झाली. आणि इतक्यात हळदीचा डबा कुणी उचलला हे विचारायला डोळे मिटलेले दामले स्वतःच्या पायांनी वॉर्डात आले.

डोळे मिटले नसते तर ते सुटले असते. बायकांनी त्यांना असं काही घेरलं की बिचाऱ्यांच्या कानांत, मानेला, चष्म्याला, सगळीकडे हळद गेली. "अहो, हे स्टॉकमधलं आहे! स्टॉकमधलं!" असं ते ओरडत होते. चांगुणेचं गाणं मात्र त्यांच्यामुळे कुठे अडखळलं नाही.

लोक अजून विचारतात म्हणून सांगून टाकते. नाही, पुढे आमचं काही जमलं नाही. सगळ्या आया त्यांना 'जावईबापू' म्हणू लागल्या, एवढंच. दामल्यांनी त्यानंतर बायकांच्या वॉर्डात पाऊल ठेवलं नाही आणि साबण वेळेवर मिळू लागला.

पण तक्रार गेली ती गेलीच. मला डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. "मिस कर्णिक, इतकी वर्षं ती पेशंट शांत होती. तुम्ही तिला गायला लावलंत. उद्या नाचायला लावाल."

"साहेब, ती बरी होतेय."

"बरं होणं म्हणजे शांत होणं. ही तर आता बोलायला लागलीय!"

ती खरंच बोलायला लागली होती, आणि एकच विचारत होती. रोज मी वॉर्डात शिरले की पहिला प्रश्न, "मथीचा लगीन कंदी हाय?" बाळाराम कधीतरी भेटायला आला असताना, ही ऐकत नाही असं समजून तिच्याशेजारी बसून सगळं बोलून गेला होता. तिने सगळं ऐकलं होतं. "मना जाव दे, बाय. मना माझे पोरीला बगाचं हाय."

मी साहेबांकडे गेले, बाळारामकडे गेले, परत साहेबांकडे गेले. साहेबांपुढे मी आमच्या विद्येची सगळी थोरवी ओतली. माणसाला घरी पोचवायचं नसेल तर आम्ही इथे टोपल्यांचं दुकान काढलंय का, असंही म्हणाले. ते जरा जास्तच झालं. बाळारामपुढे विद्या चालली नाही. त्याला म्हटलं, "लग्नात तुम्ही तिचं काय सांगणार? आई मेली म्हणून? जिवंत बाईला?" तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "मांगं, बायकांत बसू द्या. कोन हाय ते बोलाचा नाय."

साहेबांनी शेवटी एका दिवसाची रजा दिली, पण अटीवर. भागूबाई आणि मी सोबत राहायचं. पेशंट शांत राहिली तर घरी पाठवण्याचा विचार करता येईल. गायली, ओरडली किंवा रडली, तर ताबडतोब परत आणायची आणि नंतर बाहेर सोडण्याचं नाव काढायचं नाही. "आणि मग तुमची खोलीही दामल्यांना द्यावी म्हणतो," ते म्हणाले.

आगऱ्यांच्या लग्नात गायचं नाही, ओरडायचं नाही आणि रडायचं नाही, ही अट घालणारा माणूस त्या लग्नाला कधी गेला नव्हता हे उघड होतं. पण मी हो म्हटलं.

लग्नाच्या दिवशी मी एका पिशवीत वेत, सुया, लोकर, एक अर्धवट विणलेली टोपली, असा सगळा सरंजाम भरून घेतला. आमच्या धंद्यातल्या माणसालाच हे सुचावं. हात कामात गुंतले की मन स्थिर राहतं, असं आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं. चांगुणेला बसवलं मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात, बायकांच्या गर्दीत. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि मथीकडे टक लावून बघत होती. मथी आईला पाहून एकदा दचकली आणि मग मान खाली घातली. तिलाही घरच्यांनी बजावून ठेवलं होतं.

दुसऱ्या गावची धवलारीण आली होती. ती गायला लागली तसे चांगुणेचे ओठ हलायला लागले.  मी घाईघाईने पिशवीतून टोपली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

चांगुणेने टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपली उचलून तिने परत माझ्या हातात दिली.

"आज मना काम नको देऊ, बाय," ती म्हणाली. "आज मी नवरीची आय हाय."

मी टोपली पिशवीत घातली. मला थोडी शरम वाटली आणि खूप आनंद झाला. पुढचा सगळा वेळ ती हात मांडीवर ठेवून नवरीच्या आईसारखी बसली. दुसरी धवलारीण एका जागी अडखळली तेव्हा तिने फक्त नाक मुरडलं. त्याला अटीत मनाई नव्हती.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, दुपार कलली. मला वाटलं, सुटलो. मग पाठवणी आली.

मथी एकेका बाईच्या पाया पडत पडत मागच्या कोपऱ्यात पोचली. चांगुणेच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचना. आणि चांगुणेने गळा काढला. तसं रडणं मी इस्पितळातही ऐकलं नव्हतं. "माझे मथे! माझे बाय!" आणि मग नवऱ्याचं नाव घेऊन, "बगाला पायजे व्हतास रं! पोरीला बगाला पायजे व्हतास!" खाडीवरून त्याला दारात आणलं तेव्हाचं सगळं रडणं तिने त्या मांडवात रडून घेतलं.

बाळाराम धावत आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "बाय, हिला न्या! आजार उलटला हिचा! न्या लवकर!" तेवढ्यात नवऱ्यामुलाची आई बायकांना बाजूला सारत पुढे आली. धिप्पाड बाई, नाकात मोठी नथ. तिने विचारलं, "ही कोन?"

 मथी आईला मिठी मारून बसलेली. मीच म्हटलं, "नवरीची आई. आजारी होती. आमच्या इस्पितळात होती, कल्याणला."

 मोहन्याच्या वाटेवरचं इस्पितळ कसलं, ते त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक होतं. विहीणबाई चांगुणेकडे बघत राहिली. मग बाळारामकडे वळली.

"मना सांगलं, आय माहेरी हाय. खोटा कनाला बोललाव?"

"येड लागलंता तिला," बाळाराम कसाबसा म्हणाला. "बगा ना, कशी रडते."

"मंग काय हसल?" विहीणबाई कडाडली. "पोरगी चालली तिची! नवरीची आय रडनार नाय तं कोन रडनार, तू?" आणि चांगुणेशेजारी फतकल मारून बसली, तिच्या गळ्यात हात टाकला आणि स्वतःच मोठ्याने रडायला लागली. मग सगळ्याच लागल्या. दुसऱ्या गावची धवलारीण रडली, भागूबाई तर अशी रडली की तिला सावरायला दोन बायका लागल्या. बाळारामने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि उपरण्याने डोळे पुसले. थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला आणि खाली बघत म्हणाला, "राहू दे तिला घरा. तुमी जाव."

आम्ही दोघीच परतलो. साहेब व्हरांड्यातच उभे होते, शेजारी मापाची टेप घेऊन दामले. साहेबांनी आमच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"पेशंट कुठाय?"

"घरी, साहेब."

"शांत होती ना? रडली नाही ना?"

"खूप रडली. गाव गोळा झालं इतकी."

"मग अटीप्रमाणे परत का नाही आणलीत?"

माझे डोळे अजून सुजलेले होते. मी म्हटलं, "आणायची तर सगळा मांडवच आणावा लागला असता, साहेब. आपल्याकडे एवढ्या खाटा नाहीत."